हेदवीचा कातळ आणि शाळेतील भूविद्या

गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज गणेशाच्या देवालयामुळे सर्वदूर प्रसिद्ध असले, तरी गावाच्या समुद्रबाजूस, उमामहेश्वराच्या देवळाजवळ, काळ्या कातळात जी अरुंद व खोल घळ आहे आणि जिला लोक बामणघळ म्हणतात, ती पाहिल्यावाचून परतणारा यात्रेकरू हेदवीचे निम्मेच दर्शन घेऊन जातो, असे मला वाटते. भरतीचे पाणी चढू लागले म्हणजे लाट त्या चिंचोळ्या मुखातून आत शिरते, पुढे वाट नसल्याने दोन्ही भिंतींमध्ये कोंडते, आणि प्रचंड आवाज करीत उसळून काठावरच्या माणसाला नखशिखांत भिजविते. हा देखावा पाहून विस्मित होणे सोपे आहे; परंतु ही घळ नेमकी येथेच का पडली, अवघा किनारा एकाच जातीच्या खडकाचा असता तो याच रेषेत का फाटला, हे विचारण्याची सवय मुलांना लावणे कठीण, आणि ती लावण्याचा उद्योग मराठी मुलखात कोणी, केव्हा व कितपत केला, हा इतिहास हेदवीच्या कातळावर बसून आठवण्याजोगा आहे.

पेशवाईतील पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे, उजळणी, पावकी-निमकीचे पाढे, मोडी वाचन आणि जमाखर्च एवढाच अभ्यासक्रम असे, व तो त्या काळच्या कारकुनी गरजांना पुरेसा होता. पृथ्वीविषयीचे ज्ञान शाळेबाहेर होते. मळे जमीन कोणती, कुर्याट कोणती, खाजणात कोणते भात तग धरते, पुळणीत माड कसा वाढतो आणि वरकसात नाचणी-वरीपलीकडे काही का येत नाही, हे कुळवाड्याला तोंडपाठ असे. सरकारी दफ्तरातील प्रतबंदी व आकारणी याच अनुभवावर उभी होती. चिरेखाणीत राबणाऱ्या माणसाला हे ठाऊक असे की, जांभा भूगर्भातून नुकताच काढलेला असताना लोखंडी हत्याराने सहज तासता येतो, आणि मग वारा व ऊन लागून असा कठीण होतो की त्याची भिंत पिढ्यान्पिढ्या टिकते.

आणि खारवी, गाबीत व भंडारी यांच्यापाशी तर भरतीचे गणितच होते. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, हा किनाऱ्यावरचा सर्वश्रुत आडाखा. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ; पंचांग हाती असले की होडी केव्हा लोटावी हे कोणाला विचारावे लागत नाही. या आडाख्याविषयी मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच तो पुढे नेऊन पाहावासा वाटतो. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रतिपदेस एकाची पाऊणपट, म्हणजे पाऊण वाजता भरती. एरवी रोज पाऊण तासाने पुढे सरकणारी भरती त्या एका दिवशी दीड तासाची उडी कशी घेईल? समुद्र अशी उडी घेत नाही. चांद्रमासाच्या तीस तिथींत भरती दिवसाच्या चोवीस तासांचा पूर्ण फेरा करते, म्हणून सरासरीने दर तिथीस ती दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, मागे पडली पाहिजे. आडाखा मात्र ४५ मिनिटेच धरतो. रोजची ही तीन मिनिटांची तूट पंधरा तिथींत ४५ मिनिटांची होते, आणि ती सव्वाअकरात मिळविली की बरोबर बारा वाजतात. प्रत्यक्षात उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, हे अंतर ४८ मिनिटांहून कमी आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, जास्त असते, कारण चंद्राच्या ओढीत सूर्याची ओढ मिसळलेली असते. तेव्हा घड्याळ व वही घेऊन बामणघळीपाशी पंधरवडाभर बसणाऱ्या विद्यार्थ्याला नियम, त्याचा पडताळा, त्यातील चूक आणि त्या चुकीचे कारण, एवढी सगळी शास्त्रीय रीत एका पाऊणकीच्या पाढ्यातून शिकता येते.

इंग्रजी अमलात विद्येची नवी घडी बसू लागली तेव्हा या कामाचे पहिले मानकरी रत्नागिरीच्या मातीतूनच निघाले. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर १८३२ साली ‘दर्पण’ सुरू करून वृत्तपत्रकार म्हणून अजरामर झाले. पण एल्फिन्स्टन संस्थेतील या तरुण अध्यापकाने १८४० साली काढलेले ‘दिग्दर्शन’ मासिक, ज्यातून भूगोल, पदार्थविज्ञान आदी विषय मराठीत मांडले जात, हे मला तितकेच मोलाचे वाटते. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे हे त्याच परंपरेतले. १८२६ साली उभारलेल्या कुलाब्याच्या वेधशाळेत हवामानाचे व चुंबकत्वाचे वेध घेण्यात त्यांचे तारुण्य गेले. ठरलेल्या वेळी उपकरणापाशी हजर राहून जे दिसले तेवढेच लिहावयाचे, ही शिस्त ज्याने अंगी बाणवून घेतली तो मनुष्य पुढे शिक्षक झाला, हे महाराष्ट्राचे भाग्य. मुंबईस अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद यंत्राने होऊ लागली, आणि जे खारव्याच्या आडाख्यात होते ते कागदावर रेषेने उमटू लागले.

खडकांची विद्या मात्र दीर्घकाळ इंग्रजीच्या कोंदणातच राहिली. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात पाहिलेल्या जांभ्याचे वर्णन १८०७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कर्नल साइक्स याने दख्खनच्या काळ्या खडकावरील निबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेपुढे ठेवला. १८५१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते स्थापन झाले, आणि त्याच्या वृत्तान्तांत १८७१ साली विल्किन्सन याचे दक्षिण कोकणच्या भूरचनेवरील टिपण आले. रत्नागिरीस विहिरी खणताना जांभ्याखाली चिकणमातीचे आणि कोळशासारख्या लिग्नाइटचे थर लागतात, हेही याच सुमारास विद्वानांच्या नजरेस आले होते. म्हणजे जेथे आज जांभ्याचा उघडा सडा आहे तेथे एके काळी झाडे पाण्याकाठी कुजत पडली होती. हा वृत्तान्त १८८० च्या गॅझेटियरात साहेबांसाठी छापला गेला; ज्यांच्या परसातल्या विहिरी त्या, त्यांच्या मुलांनी मात्र नद्यांची, बंदरांची आणि महालांच्या ठाण्यांची नावे घोकली. हा दोष एकेका शिक्षकाचा नव्हे. इन्स्पेक्टर येणार, नावे विचारणार, आणि निकालावर शाळेची प्रत ठरणार, अशा व्यवस्थेत मुलांना कातळावर नेण्याचे धैर्य कोण करील?

तरीही ते धैर्य ज्याच्या लेखनात दिसते असा एक शिक्षक याच किनाऱ्यावर जन्मला. दापोली तालुक्यातील मुरुड येथे १८५३ साली जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ या १८९६ च्या ग्रंथामुळे जगन्मान्य झाले. पण आयुष्यभर त्यांनी पत्करलेला व्यवसाय शाळामास्तराचा. रेवदंडा, बार्शी, धुळे अशा ठिकाणी नोकरी करून अखेर ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले, म्हणजे मास्तरांचे मास्तर झाले, आणि १८९८ साली अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. ‘सृष्टचमत्कार’ व ‘ज्योतिर्विलास’ ही त्यांची पुस्तके सामान्य वाचकासाठी लिहिलेली आहेत. पंचांगकर्त्याच्या वचनापेक्षा आकाशातील वेध श्रेष्ठ, ही त्यांची निष्ठा. ती त्यांनी घराघरांतून वाचल्या जाणाऱ्या मराठीत आणली. पुढे १९२८ साली प्राध्यापक गो. रा. परांजपे प्रभृतींनी ‘सृष्टिज्ञान’ मासिक काढले, आणि खेड्यातील मास्तराला दरमहा टपालाने विज्ञान मिळण्याची सोय झाली.

आता घळीकडे वळू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत आलेला लाव्हा थरावर थर साचून निवाला, निवताना आकुंचन पावून तडकला, आणि अशाच एखाद्या तडीत समुद्राच्या लाटेने हवा दाबून, धोंडे आपटून, युगानुयुगे ती रुंद केली, असे भूशास्त्र सांगते. पण शिक्षकाने हे उत्तर आधी सांगू नये. तड हेच कारण असेल तर घळ जेथे संपते तिच्यापुढेही, जमिनीच्या बाजूस, ती तड बारीक का होईना दिसली पाहिजे. मुलांनी ओहोटीच्या वेळी, मोठ्यांच्या देखरेखीखाली, जाऊन ती शोधावी, सापडली तर तिची दिशा होकायंत्राने टिपावी, न सापडली तर दुसरे कारण मांडावे. पावसाळ्यात व भरतीच्या वेळी तो काठ जिवावर बेतणारा आहे, हेही त्याच धड्यात सांगावयाचे.

पुस्तकातील वाक्यापेक्षा प्रत्यक्षाला मान द्यावा लागतो, हे कोकणाने एका भयंकर पहाटे अनुभवले. दख्खनचे पठार हा पृथ्वीवरील अतिप्राचीन, स्थिर भूभाग असून तेथे मोठ्या भूकंपाचे भय नाही, असे आमच्या भूगोलांत निःशंकपणे लिहिलेले असे. १९६२ पासून कोयनेच्या जलाशयात पाणी साठू लागले, पाठोपाठ लहान धक्के जाणवू लागले, ते मोजण्यासाठी भूकंपमापक यंत्रे बसली. आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचार वाजून गेल्यावर सुमारे ६.५ महत्तेच्या धक्क्याने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे दगावली, आणि घाटाखालच्या चिपळूण-गुहागरची घरे हादरून लोक अंगणात धावले. साठविलेल्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध काय, या प्रश्नावर त्यानंतर जगभरच्या शास्त्रज्ञांनी कोयनेचा दाखला घेऊन संशोधन केले, आणि ते अद्याप चालू आहे. पठाराच्या स्थैर्याविषयीचे ते वाक्य पुस्तकांना बदलावे लागले. त्या रात्री जाग्या झालेल्या मुलांना ते का बदलले, हे वर्गात समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.