मुठीतला जपानी कॅमेरा

मुठीत मावणारा कॅमेरा खिशातून काढला की समोरचा माणूस हटकून विचारतो, "हा हेरांचा काय हो?" तो लौकिक खरे पाहता मिनॉक्सचा. वाल्टर झॅप याने रचलेला तो कॅमेरा १९३८ पासून लाटव्हियातील रिगा शहरी होऊ लागला. जपानी धाकट्या कॅमेऱ्यांची जात निराळी. ते हेराचे नव्हेत, काटकसरीचे अपत्य आहेत, असे माझे मत आहे.

हे मत फिल्मच्या मापावरून झाले. महायुद्धाच्या सुरुवातीच्या सुमारास टोकियोत 'मायक्रो' निघाला. त्याची फिल्म १७.५ मि.मी. रुंद, म्हणजे नेहमीच्या ३५ मि.मी. पट्टीची उभी अर्धी वाटणी! युद्धानंतर 'हिट' वगैरे नावांनी त्याच्या नकलांचा पूर आला. त्यांतील पुष्कळांवर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' अशी मोहर असे. आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी अंमलातून सुटत होता, त्या काळात हे इवलेसे यंत्र आपल्या देशाची परवशता अंगावर वागवीत परदेशी निघाले होते. त्याच जपानात डिसेंबर १९४५ मध्ये कामगार संघटनांचा कायदा झाला आणि १९४९ साली मोठी कामगारकपातही झाली. असो, पेशाची सवय जात नाही.

'हिट' हे बहुतांशी खेळणेच. खरा कॅमेरा म्हणजे १९५७ चा 'मिनोल्टा-१६'. तो काढणाऱ्या चियोदा कोगाकू कंपनीने १९६२ साली मिनोल्टा हेच नाव घेतले. मूळ कल्पना मात्र आधीच्या 'कोनान-१६' ची. पेटी ओढून उघडली की फिल्म एक घर पुढे सरके आणि झडपही ताणली जाई. फिल्म १६ मि.मी.ची, सिनेमाच्या मापाची, जोड काडतुसात भरलेली; एका पोटातून निघून दुसऱ्यात जाई, म्हणून परत गुंडाळण्याची कटकट नाही. चित्र १० बाय १४ मि.मी., म्हणजे ३५ मि.मी.वरील चित्राच्या सहाव्या हिश्श्याएवढे. भिंग २५ मि.मी.चे 'रोक्कोर', पण एकाच जागी पक्के बसविलेले. चार-सहा हातांपलीकडचे स्पष्ट, अलीकडचे पुसट.

हा शेवटचा गुण मला महागात पडला. तीसएक वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका कारखान्याच्या फाटकावर कमी केलेल्या हंगामी कामगारांची यादी लागली. एका जुन्या सहकाऱ्याचा मिनोल्टा माझ्यापाशी होता. सिनेमाच्या फिल्मचा तुकडा अंधारात काडतुसात भरलेला. जवळ गेले की अक्षर मोठे येईल, या अडाणी हिशेबाने मी हातभर अंतरावरून तीन चित्रे घेतली. इतक्या जवळच्या चित्राला वेगळे भिंग वर बसवावे लागते. ते बाजारात मिळे, आमच्यापाशी नव्हते. चित्रे धुऊन मोठी केली तेव्हा कागदाच्या कडा तेवढ्या दिसल्या, नाव एकही वाचता येईना. तोवर यादी फाटकावरून उतरली होती. मग आम्ही चौघे सायकली घेऊन गावोगाव हिंडलो, एकेकाला विचारून नावे वहीत उतरविली. पाच दिवस लागले.