फितीच्या आधी कड वाचावी

खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली आणि ती लढलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सैनिकांना पदक मंजूर झाले १८५१ मध्ये. मधल्या काळात बापू गोखले अष्टीला पडले, पेशवाई बुडाली, आणि दुसरा बाजीराव ब्रह्मावर्तास म्हातारा होऊन वारला, तोही १८५१ च्या जानेवारीत. 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' या नावाचे हे पदक हयात असलेल्यांना आणि त्यातही ज्यांनी रीतसर मागणी केली त्यांनाच मिळायचे. चौतीस वर्षांनंतर किती शिपाई जिवंत असणार आणि त्यातले किती जण अर्ज करू शकणार, हे सांगायला नको. पदकाच्या वर चांदीची आडवी पट्टी असते, तिला संग्राहक क्लास्प म्हणतात. या पदकासाठी अशा एकवीस पट्ट्या ठरल्या होत्या. त्यातल्या चार आपल्या पुणे भागाच्या : 'किर्की' (खडकी), 'पूना', 'किर्की अँड पूना' आणि 'कोरीगाम' (कोरेगाव). पदकाच्या मागे १७९९ ते १८२६ अशी वर्षे कोरलेली आहेत, पण सर्वांत जुनी पट्टी १८०३ च्या अलीगढची. म्हणजे पदकावर कोरलेले वर्षसुद्धा जसेच्या तसे घेता येत नाही. पदक लढाईबद्दल सांगते त्याहून जास्त ते देणाऱ्या सरकारच्या निर्णयाबद्दल सांगते, आणि ते ओळखायचे तर त्या निर्णयाच्या खुणा शोधाव्या लागतात, असे माझे म्हणणे आहे. रंगीत फितीत त्या खुणा सर्वांत कमी असतात.

फितीवरून पदक ओळखण्याची सवय का पडली, ते समजण्यासारखे आहे. रोजच्या गणवेशावर पदक लटकत नाही, नुसत्या फितींची रांग असते. दुसऱ्या महायुद्धातल्या फिती तर मुद्दाम वाचता येतील अशाच केल्या होत्या. आफ्रिका स्टारचा वाळूचा रंग वाळवंटाचा, त्यावरचे लाल आणि दोन निळे पट्टे भूदल, आरमार व हवाई दल यांचे. इटली स्टारवर सरळ इटलीच्या झेंड्याचे रंग. तिथे फीत पुरेशी आहे, हे मान्यच. पण एकोणिसाव्या शतकात मागे गेले की हा आधार डळमळतो. लाल, पांढरा, पिवळा, निळा असे एकमेकांत मिसळत जाणारे इंद्रधनुषी रंग १८४२ च्या काबूल-कंदाहारच्या पदकावर आहेत, १८४३ च्या सिंधच्या पदकावर आहेत आणि १८८० च्या काबूल-कंदाहार स्टारवरही आहेत. शिंद्यांच्या फौजेशी महाराजपूर व पनियार येथे झालेल्या लढायांचा 'ग्वाल्हेर स्टार' तर मुळात फितीशिवायच, आकडीने अंगरख्यावर लावायचा होता. त्याला हीच फीत मागाहून जोडली गेली. हा स्टार शिंद्यांच्याच पकडलेल्या तोफांच्या धातूतून ओतलेला आहे. धातूची ही गोष्ट फितीवरून कशी कळणार? १८५४ च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलची फीत किरमिजी आणि तिच्यावर दोन निळे पट्टे. १८९५ च्या इंडिया मेडलची फीत किरमिजीच, पण पट्टे हिरवे. शंभर वर्षे ट्रंकेत पडलेल्या रेशमावर निळा कोणता नि हिरवा कोणता, हे भल्याभल्यांना सांगता येणार नाही. शिवाय फीत जीर्ण झाली की बदलली जाते, आणि बदलणारा जी मिळेल ती लावतो.

कड मात्र सहसा बदलत नाही. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली किंवा ठोकलेली असते, आणि पलटणीच्या आकड्यात काळ लपलेला असतो. मुंबई लष्कराच्या पायदळ पलटणींना १९०३ च्या फेररचनेत शंभराने वाढवलेले क्रमांक मिळाले. तेव्हा कडेवर '११० मराठा लाइट इन्फंट्री' असेल तर ते पदक १९०३ नंतरचे आणि १९२२ च्या आधीचे. १९२२ मध्ये हीच पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. ही पलटण मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात सापडली होती, आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्या शिपायाला चांदीचे मिळे, तर हिंदी लेबर कोअरमधल्या मजुराला काशाचे. युद्ध एक, फीत एक, पण सरकारच्या लेखी माणसाची किंमत धातूने ठरवलेली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची पदके कोऱ्या कडेने वाटली गेली, हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नावे घातली गेली, ही आपल्या अभ्यासकांना अनायासे मिळालेली सोय आहे.

पदकावर काय नाही, तेही वाचायला हवे. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला ब्रिटिश फौज हरली. मुंबई ग्रेनेडियर्स, जेकब्स रायफल्स आणि बॉम्बे सॅपर्सची माणसे तिथे लढली आणि सुमारे अडीच हजारांतले जवळपास हजार मेले. अफगाण पदकावर अली मशीद आहे, अहमद खेल आहे, कंदाहार आहे. मैवंदची पट्टी नाही. त्या पराभवानंतर काबूलहून कंदाहारला धावत गेलेल्या जनरल रॉबर्ट्सच्या फौजेला मात्र स्वतंत्र स्टार मिळाला. हे नवीन नव्हते. कंपनीचे पहिले मोहीम-पदक, 'डेक्कन मेडल', पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळातले. ते बंगालच्या हिंदी फौजेला मिळाले. १७७९ च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांपुढे गुडघे टेकणाऱ्या मुंबईच्या फौजेला त्यात वाटा नव्हता.

पुण्याने जिंकणाऱ्यांचे हे बिल्ले कशाला जपायचे, असा आक्षेप येतो, आणि तो क्षुल्लक नाही. 'पूना' ही पट्टी पुणे गमावल्याची खूण आहे, यात वाद नाही. पण पट्टी घेणाऱ्यांत मराठी बोलणारी माणसे होती, आणि पुढे त्यांच्या वंशजांनी हाच लष्करी पुरावा सरकारसमोर ठेवला. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज केला तो पूर्वजांच्या लष्करी सेवेच्या जोरावर. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर कोरेगावच्या लढाईच्या स्मारकस्तंभापाशी गेले. ज्या वस्तूंचा उपयोग पराभूत म्हणवल्या जाणाऱ्या समाजातल्याच लोकांनी हक्क मागण्यासाठी केला, त्या फक्त जेत्यांच्या म्हणून बाजूला सारता येत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे : पट्ट्या सुट्या लावता-काढता येतात, कड घासून नवे नाव घालता येते, मग कडेवर तरी भरवसा काय? बरोबर आहे. म्हणून शेवटचा शब्द पदकाचा नसतो, यादीचा असतो. इंडिया ऑफिसच्या दप्तरातल्या पदकांच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि महागडी पट्टी असलेले पदक त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय खरे मानू नये. 'कोरीगाम' पट्टीच्या बाबतीत तर नाहीच नाही.

चांदीच्या भावाने किती पदके मोडीत गेली असतील, त्याचा हिशेब आता लागणार नाही. जी घरात उरली आहेत ती पॉलिश करायला देण्यापूर्वी कड भिंगातून वाचा, जे दिसेल ते जसेच्या तसे, चुकीच्या स्पेलिंगसकट, लिहून ठेवा आणि फोटो काढा. फीत बदलायची असेल तर ती नंतर.