ऑस्ट्रेलियाचा एकच दरवाजा

रिस्क खेळणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच, जो डाव सुरू झाला की गुपचूप ऑस्ट्रेलिया धरतो आणि तासभर तिथून हलत नाही. आमच्यात तो मीच. सगळे चिडतात. पण खरं सांगू? राग नकाशावर काढायला हवा.

हा खेळ आल्बेर लामोरिस या फ्रेंच दिग्दर्शकाचा. 'द रेड बलून'च्या पटकथेला ऑस्कर मिळालं, तोच हा. १९५७ साली खेळ फ्रान्समध्ये 'जग जिंकणं' अशा अर्थाच्या नावाने आला. १९५९ मध्ये पार्कर ब्रदर्सने तो अमेरिकेत 'रिस्क' म्हणून विकायला काढला.

आता नकाशा बघा. ४२ प्रदेश, ६ खंड. खंड पूर्ण ताब्यात असला की दर पाळीला जादा सैन्य मिळतं. आशियात १२ प्रदेश, बक्षीस ७, पण राखायच्या सीमा ५. युरोपात ७ प्रदेश, बक्षीस ५, सीमा ४. ऑस्ट्रेलियात ४ प्रदेश, बक्षीस फक्त २, आणि आत यायला रस्ता एकच: सयाममधून इंडोनेशियात. दोनच तर, असं वाटतं ना? पण प्रदेश कमी असताना पाळीला सैन्य मिळतं ३. त्याचे ५ झाले, म्हणजे थेट दोन तृतीयांश वाढ! उलट आशिया धरून बसणारा मी तरी अजून पाहिलेला नाही. बीटेकला ग्राफ थिअरी रटली होती. ती इथे पहिल्यांदा कामाला आली. प्रदेश म्हणजे नोड, सीमा म्हणजे एज. चित्र कितीही सुंदर काढा, डाव या रेषाच ठरवतात. अलास्का आणि कामचाटकाला जोडणारी ती तुटक रेषा पुसून बघा, उत्तर अमेरिकेला दोनच दरवाजे उरतात आणि तिथेही दुसरा ऑस्ट्रेलिया तयार होतो.

ऑनलाइन नकाशे बनवणाऱ्यांची खरी डोकेदुखी सुरुवातीच्या वाटपात असते. कॉम्प्युटर प्रदेश वाटतो, आणि छोटा खंड पहिल्याच पाळीला एकाच्या पदरात पडला तर बाकीच्यांनी खेळायचं कशाला? म्हणून काही जागांवर कुणाचंच नसलेलं सैन्य उभं करून ठेवतात. शिवाय फोनवर बोटाला सापडेल एवढा तरी प्रदेश मोठा हवा.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहते. १९५७ मध्येच घाना स्वतंत्र झाला. अल्जीरियात फ्रेंच सैन्याविरुद्ध युद्ध पेटलेलं होतं. आणि बोर्डावर तो सगळा भाग म्हणजे 'उत्तर आफ्रिका' नावाचा एकच तुकडा, फासे टाकून घ्यायचा. थायलंडचं नाव तर अजूनही सयाम. आपला भारतही एकच तुकडा: चार शेजारी, चारही आशियातलेच, आणि समुद्रातून येणारी एकही रेषा नाही. म्हणजे आपल्याकडे इंग्रज ज्या वाटेने आले, तीच वाट या नकाशात नाही!

पुढच्या भागात फाशांचं गणित. भेटूच.