बॉयलरपासून रिअॅक्टरपर्यंत

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मोठा आवाज झाला की पाचव्या मिनिटाला सारे गाव म्हणते, "बॉयलर फुटला!" २६ मे २०१६ रोजी प्रोबेसच्या कारखान्यात स्फोट होऊन १२ माणसे गेली, दीडशेहून अधिक जखमी झाली आणि दूरदूरच्या इमारतींच्या काचा रस्त्यावर आल्या, तेव्हा हेच म्हटले गेले. २३ मे २०२४ रोजी अमुदानच्या कारखान्यात दहाहून अधिक जीव गेले, तेव्हाही पहिली बातमी बॉयलरचीच होती. पण पहिल्या स्फोटाच्या चौकशीत प्रोपार्जिल क्लोराइड नावाचे स्फोटक रसायन पुढे आले आणि दुसऱ्या वेळी फुटला तो रिअॅक्टर.

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस 'नवे तंत्र आणि समाजाचा अंकुश' असा विषय सुचविला, तेव्हा हा चुकीचा शब्दच आमच्या मनात आला. श्रोतेहो, आम्ही इंजिनिअर नाही. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या गेटावर आणि रद्दीच्या दुकानातून आणलेल्या कायद्याच्या पुस्तकांतून. पण लोक अजून बॉयलरचेच नाव का घेतात, हे कळले की आपण कोणत्या यंत्राला वेसण घातली आणि कोणते मोकळे सोडले, तेही कळते असे आम्हांस वाटते.

आपल्या ठाण्याला बॉयलरची ओळख फार जुनी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून साहिब, सिंध आणि सुलतान ह्या तीन इंजिनांनी १४ डबे ओढीत ठाण्याला आणले, त्या तिन्ही इंजिनांच्या पोटात बॉयलर होता. पुढच्याच वर्षी गाडी कल्याणला पोहोचली. वाफ हे त्या काळचे नवे तंत्र. आज आपण ज्या कौतुकाने नव्या यंत्रांकडे पाहतो, त्याच कौतुकाने लोक तिच्याकडे पाहत असत. आणि ती तितकीच धोक्याची होती. दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ वर तापलेले असते. पत्रा फाटला की दाब एकदम उतरतो, त्या पाण्याचा बराच भाग क्षणात वाफ होतो, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. ती जागा ती भिंती पाडून करून घेते.

१८६३ साली कलकत्त्यास असा एक बॉयलर फुटला आणि बरीच माणसे मेली. तेव्हा कुठे सरकारला जाग आली. १८६४ साली बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला; ह्या देशातील तो पहिला. मग मुंबई, मद्रास, पंजाब अशा एकेका प्रांताने आपापला कायदा केला. झाले असे की, एका प्रांतात चालणारा बॉयलर दुसऱ्या प्रांतात नेणे अडचणीचे होऊन बसले. ही तक्रार ऐकून १९२० साली समिती नेमली गेली आणि १९२३ साली साऱ्या देशाला एक कायदा मिळाला. "नियम आला की धंदा बुडतो" हे वाक्य आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर शेकडो वेळा ऐकले आहे. बॉयलरचा इतिहास उलटे सांगतो. विस्कळीत नियमांनी धंदा अडत होता. एका स्वच्छ नियमाने तो चालू लागला.

तो कायदा होता तरी कसा? एका समजुतदार माणसाने रात्रपाळीला उभे राहून लिहावा तसा. बॉयलरला नोंदणीचा क्रमांक द्यायचा आणि तो त्याच्या अंगावर कोरायचा. दाखल्याची मुदत बहुधा बारा महिन्यांपलीकडे नाही. तपासणीच्या वेळी पाणी भरून नेहमीहून अधिक दाब द्यायचा. पाण्याने पत्रा फाटला तर माणूस मरत नाही. दाब वाढला तर सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. पाणी उतरले तर शिशाचे बूच वितळून आग विझते. अपघात झाल्यास चोवीस तासांत कळविणे बंधनकारक. आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बॉयलरपाशी उभा राहणारा माणूस परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलेला असला पाहिजे. बॉयलर अटेंडंट हा मालकाच्या हाताखालचा नोकर खरा, पण त्याचे ज्ञान मालकाच्या मर्जीवर नाही. पाण्याची पातळी बिघडली तर आग काढायला तो कोणाला विचारीत नाही. १९२३ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या बॉयलर कायद्याने घेतली आहे. शंभर वर्षे टिकलेले कायदे आपल्याकडे थोडेच.

मशीनवरच्या माणसाला बोलू द्या, ही मागणी मात्र सरकारातून आली नाही. ती ज्यांनी प्रथम जोराने मांडली ते नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली आपल्या ठाण्यातच जन्मले, हे किती ठाणेकरांना ठाऊक असेल? १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कठडे घालण्याची सक्ती केली, पण कामगारांचे म्हणणे ऐकण्याची नाही. १८८४ साली लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. रविवारची सुटी त्या अर्जामुळे लोकांच्या लक्षात राहिली. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्यावा, ही त्यातलीच मागणी लोक विसरले.

आता रिअॅक्टरकडे येऊ. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि दोनएक वर्षांत डोंबिवलीला वसाहत उभी राहू लागली. रंग, औषधांचा कच्चा माल, कापडाला लागणारी रसायने येथे होऊ लागली. पुढे घरे कारखान्यांपर्यंत सरकत आली, की कारखाने घरांपर्यंत, ह्यावर वाद घालण्यात आता अर्थ नाही.

रिअॅक्टर बाहेरून बॉयलरसारखाच दिसतो, बंद लोखंडी पिंप. पण बॉयलरमध्ये काय आहे हे सर्वांना ठाऊक असते, पाणी. उष्णता बाहेरून द्यावी लागते. आग काढली की धोका उतरू लागतो. रिअॅक्टरमध्ये उष्णता आतूनच निर्माण होते. द्रव्ये एकमेकांशी झुंजतात आणि तापतात. ढोबळ हिशेब असा की, दर दहा अंशांना प्रक्रियेचा वेग दुप्पट होतो. वेग वाढला की उष्णता आणखी वाढते. गार पाणी फिरविणारा पंप बंद पडला किंवा आतला ढवळणारा पंखा थांबला, तर थोड्याच वेळात ती आवरेनाशी होते. शिवाय प्रयोगशाळेतल्या चंबूत जे सुखरूप होते ते पाच हजार लिटरच्या पिंपात होईलच असे नाही. पिंपाची लांबीरुंदी दसपट केली की आतला माल हजारपट होतो, पण थंडावा देणारी भिंत शंभरपटच. आपल्याकडच्या लहान कारखान्यांत तर एकाच रिअॅक्टरमध्ये ह्या महिन्यात एक माल, पुढच्या महिन्यात दुसरा. पिंपाला दाखला देता येईल. त्यात उद्या काय ओतणार, त्याला दाखला कोण देणार?

ह्यावर उत्तर शोधायला भोपाळ घडावे लागले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीत पाणी शिरले, आतली प्रक्रिया बेफाम झाली, आणि पुढचे सर्वांना माहीत आहे. १८६३ नंतर जसे १८६४, तसे १९८४ नंतर १९८६ चा पर्यावरण कायदा आणि १९८७ ची फॅक्टरी कायद्यातील दुरुस्ती आली. त्या दुरुस्तीतली ४१ ग, ४१ ह ही कलमे आम्हांला पाठ होती. धोक्याच्या कारखान्यात सुरक्षा समिती असावी आणि तिच्यात कामगार व व्यवस्थापन समसमान असावेत. जिवाला धोका दिसला तर कामगाराने मालकाला आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरला कळवावे. मालकाला पटले नाही तर त्याने प्रश्न इन्स्पेक्टरकडे न्यावा. (१९४८ च्या त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेने घेतली आहे.) पण नीट पाहा. कळविण्याचा हक्क दिला. थांबविण्याचा दिला नाही. बॉयलर अटेंडंट आग काढतो, रिअॅक्टरवरचा माणूस अर्ज करतो. इन्स्पेक्टर येईपर्यंत रिअॅक्टर थांबत नाही.

काही वर्षांपूर्वी येथल्याच एका कारखान्यात आमच्या एका सभासदाने थंड पाण्याच्या पंपाचा आवाज बदललेला ऐकला आणि बॅच चढवू नका म्हणून सांगितले. "माल उद्या जायचा आहे," एवढेच उत्तर मिळाले. बॅच चढली, सुखरूप उतरली. दुसऱ्या आठवड्यात त्याची बदली पॅकिंगला झाली. आम्ही पत्र दिले, बैठक झाली, आणि आम्हांला विचारले गेले, "झाले का काही?" काही झाले नव्हते. म्हणून तो खोटा ठरला. त्यानंतर त्या खात्यात पंपाच्या आवाजाविषयी कोणी तोंड उघडले नाही, आणि आम्हीही त्या वेळी प्रकरण पुढे रेटले नाही, हे कबूल करतो.

धोक्याचे कारखाने येथून हलविण्याच्या घोषणा २०२४ च्या स्फोटानंतरही झाल्या. डोंबिवलीकरांना ते बरे वाटणे साहजिक आहे. पण जेथे जातील तेथेही रिअॅक्टरपाशी कोणी उभा असेलच. आज बहुधा तो ठेकेदाराचा मजूर असतो, उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून आलेला. पिंपावर खडूने लिहिलेली सांकेतिक अक्षरे वाचतो, आत काय आहे ते त्याला सांगितलेले नसते. शेजारच्या खोलीत बॉयलरचा दाखला काचेच्या चौकटीत टांगलेला असतो.

म्हणून अलीकडे सुरक्षा समित्यांत आम्ही एकच साधी मागणी धरली आहे. प्रत्येक रिअॅक्टरपाशी मराठी-हिंदीत फलक हवा: आज आत कोणता माल आहे, किती अंशांवर धोका, कोणती कळ दाबून थांबवायचे, आणि ती दाबायला कोणाची परवानगी लागत नाही. शेवटच्या ओळीवर बैठका अडतात. एका कारखान्यात ती ओळ अखेर मान्य झाली. फलकाचा मराठी मजकूर आम्ही लिहिला. हिंदी आम्हांला नीट जमेना, तो रात्रपाळीच्या एका मजुराने दुरुस्त करून दिला.