कथा कानीं पडली, पुढें काय?

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाच्या भिंती केव्हां उभ्या राहिल्या, घंटा कोणीं अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, असे वृत्तांत येतात. व ते येणें योग्यच आहे. परंतु त्या भिंतींच्या आंत जी पवित्र कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, तिचाहि एक इतिहास आहे. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या कानीं ती केव्हां व कशी आली, आणि कानांतून त्याच्या घरांत, शेतांत व बाजारांत ती कितपत उतरली, याचा थोडा विचार या निबंधांत करण्याचें योजिलें आहे.

पवित्र शास्त्रांतील कथा ऐकणाऱ्याचा न्याय करिते. याचा नमुना शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायांत आहे. दावीद राजानें उरीयाची पत्नी हरण केली व उरीयास लढाईच्या तोंडीं देऊन मारविलें. तेव्हां नाथान संदेष्टा राजाकडे आला. त्यानें आरोप केला नाहीं. एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताजवळ पुष्कळ गुरें-मेंढरें होतीं. शेजारच्या गरिबाजवळ एकच कोकरी होती, ती त्याच्या घासांतला घास खाई व त्याच्या उराशीं निजे. पाहुणा आला तेव्हां श्रीमंतानें आपल्या कळपास हात न लावितां गरिबाची कोकरी मारिली. राजा संतापला व असा मनुष्य मरणास पात्र ठरविला. मग नाथानानें त्यास सांगितलें कीं, तो मनुष्य राजा स्वतःच आहे.

दावीदास न्यायबुद्धि नव्हती असें नाहीं. ती होती, पण शेजाऱ्याच्या घराकडे तोंड करून उभी होती. कथेनें तिचें तोंड फिरविलें. बायबलांतील कोणतीहि कथा जीवनास लावावयाची म्हणजे हेंच करावयाचें. प्रभु येशूनेंहि हीच रीति अवलंबिली. आपला शेजारी कोण, असें एका शास्त्र्यानें विचारिलें तेव्हां प्रभूनें चांगल्या शमरोनीयाची गोष्ट सांगितली, आणि शेवटीं त्या शास्त्र्यालाच विचारिलें कीं, जखमी माणसाचा शेजारी कोण झाला. शास्त्री शेजाऱ्याची व्याख्या मागावयास आला होता. परत जातांना त्याच्या पदरीं कर्तव्य पडलें.

आतां आपल्या भाषेकडे वळूं. १५७९ च्या आक्टोबर महिन्यांत फादर थॉमस स्टीफन्स नांवाचे येशूसंघीय इंग्रज तरुण गोव्यास उतरले. १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत पुढील सुमारें चाळीस वर्षें ते या भूमींतच राहिले. त्यांतील बहुतेक काळ साष्टी प्रांतांत गेला. तेथील नवख्रिस्ती लोकांस धर्मशिक्षण देतांना एक प्रसंग घडला, असें त्यांच्याच ग्रंथांत आलें आहे. एक ब्राह्मण उठून म्हणाला, आमचीं पूर्वींचीं पुराणें वाचण्यास आपण मनाई केली. तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं? त्या मागणीचें फळ म्हणजे ‘क्रिस्तपुराण’. तें १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. दोन भाग मिळून त्यांत ९५ अवस्वरु, म्हणजे अध्याय, व जवळजवळ ११,००० ओव्या आहेत. पहिल्या भागांत सृष्टीपासून मुक्तिदात्याच्या वचनापर्यंतची कथा व दुसऱ्यांत प्रभूचें चरित्र आहे. भाषा मराठी, तींत कोंकणीचे सोपे शब्द मिसळलेले. स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणावयास कवीस संकोच वाटला नाहीं. श्रोते मधून मधून शंका विचारतात आणि गुरु उत्तर देतात. ज्या समाजास कीर्तनपुराणाचें वळण होतें, त्यास त्याच्याच वळणानें ही कथा दिली गेली.

फादर स्टीफन्स ज्या संघाचे होते, त्याचे संस्थापक संत इग्नेशस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथास १५४८ सालीं पोप तिसरे पौल यांची मान्यता मिळाली होती. त्यांत शास्त्रांतील प्रसंगाचें मनन करण्याची रीत आहे. स्थळ डोळ्यांपुढें आणावें. तेथील माणसें पाहावीं, त्यांचें बोलणें ऐकावें. आपण तेथेंच उभे आहों असें मानावें. मग प्रभूशीं मित्रासारखें बोलावें आणि ‘मी आतां काय करूं?’ असें स्वतःस विचारावें. कथेचा शेवट या प्रश्नांत झाला नाहीं, तर ती नुसती ऐकिली गेली असें समजावें.

क्रिस्तपुराण रविवारीं व सणांच्या दिवशीं देवळांत वाचिलें जात असे. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तें आपल्याबरोबर नेलें. १७८४ सालीं टिपू सुलतानानें त्या लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें, आणि १७९९ सालीं तें शहर पडेपर्यंत ते बंदिवासांत राहिले. त्या वर्षांत या ओव्यांनीं त्यांस धीर दिला, अशी त्यांच्यांत परंपरा आहे. मिसरांतील गुलामगिरीची कथा ज्यांनीं सुखाच्या दिवसांत ऐकिली होती, तेच आतां परक्या भूमींत बंदिवान झाले होते. मुखोद्गत केलेली कथा अशा वेळीं उपयोगी पडते. कपाटांतील ग्रंथ तेव्हां हाताशीं नसतो. पुढें १९०७ सालीं मंगळूर येथेंच जे. एल. साल्ढाणा यांनीं हा ग्रंथ पुन्हां छापिला, आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं तो देवनागरींत आणिला.

परंतु इतिहास सांगावयाचा तर नाथानाचें बोट आपल्या ख्रिस्तसभेकडेहि वळतें, हें लपवूं नये. त्या ब्राह्मणाच्या मागणींतच एक दुःख आहे. जुनीं पुराणें त्याच्यापासून काढून घेतलीं गेलीं होतीं. साष्टींतील देवालयें १५६७ सालीं पाडिलीं गेलीं. गोव्यांत १५६० सालीं धर्मन्यायालय स्थापन झालें, तें १८१२ सालीं कायमचें बंद झालें. १६८४ सालीं सरकारी हुकमानें लोकभाषेवरच बंदी घातली गेली. चांगल्या शमरोनीयाची कथा सांगणाऱ्यांच्या देखत हें घडलें. १२ मार्च २००० रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं रोम येथें, सत्याच्या नांवाखालीं ख्रिस्तसभेच्या लेकरांनीं केलेल्या बळजबरीबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. ख्रिस्तसभेच्या परमगुरूस जें लाजिरवाणें वाटलें नाहीं, तें आपणांस कां वाटावें?

१८ नोव्हेंबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें ‘देवाचें वचन’ या विषयावर लेख प्रसिद्ध केला व सर्व श्रद्धावंतांस शास्त्रवाचनाचा आग्रह केला. १९६९ पासून रविवारच्या वाचनांचें तीन वर्षांचें चक्र सुरू झालें, आणि जुना करार, जो पूर्वीं रविवारच्या मिस्सेंत क्वचितच ऐकूं येई, तो दर रविवारीं मायबोलींत येऊं लागला. आपल्या पूर्वजांस जें मिळालें नाहीं, तें आपणांस विनासायास मिळत आहे. आतां अज्ञानाची सबब उरली नाहीं.

म्हणून दोन कथा आपल्या अंगणांत आणून पाहूं. पहिली गणनेच्या ग्रंथाच्या २७ व्या अध्यायांतील. सलाफहाद मरण पावला. त्यास पुत्र नव्हता, पांच कन्या होत्या. त्या मोशेपुढें, याजकापुढें व सर्व मंडळीपुढें उभ्या राहून पित्याच्या वतनाचा वाटा मागत्या झाल्या. मोशेनें त्यांचें म्हणणें परमेश्वरापुढें ठेविलें, आणि परमेश्वरानें निवाडा दिला कीं त्यांचें म्हणणें रास्त आहे. त्या कन्यांस भाऊ नव्हता, हें खरें. पण आज भाऊ असतांहि १९२५ चा भारतीय वारसा कायदा ख्रिस्ती कन्येस पुत्राच्या बरोबरीचा वाटा देतो. असें असून जमिनीचा भाव चढला कीं बहिणीस माहेरीं बोलाविलें जातें, जेवण वाढलें जातें, आणि पानांशेजारीं हक्कसोडपत्र ठेविलें जातें. तिनें सही केली नाहीं तर माहेर तुटतें. बहीण राजीखुषीनें सोडीत असेल तर तो तिचा मोठेपणा. पण भयानें घेतलेली सही म्हणजे गरिबाची कोकरीच होय. अशा घरांतील भाऊ पुढच्या रविवारीं दावीदाची कथा ऐकतो व मान डोलावितो!

दुसरी कथा जक्कयाची. देऊळ-समर्पणाच्या मिस्सेंत हेंच शुभवर्तमान शतकानुशतकें वाचिलें गेलें आहे. देवळाच्या गौरवाच्या दिवशीं एका लांचखाऊ जकातदाराची कथा ख्रिस्तसभेनें कां निवडिली? कारण प्रभु ज्या घरांत उतरतो तें घर कसें बदलतें, हें तींत दिसतें. जक्कयानें नुसता पश्चात्ताप बोलून दाखविला नाहीं. अर्धें द्रव्य गरिबांस आणि ज्यास फसविलें त्यास चौपट परत, असा हिशेब त्यानें उभ्या उभ्या मांडिला. पापनिवेदनांत पापाची क्षमा मिळते. परंतु शेजाऱ्याच्या बांधांतून घेतलेली हातभर जमीन, मजुराची अडवून ठेविलेली मजुरी, किंवा कोणाच्या मुलीविषयीं उठविलेली कंडी, यांची भरपाई ज्याची त्यानेंच करावयाची असते.

‘महोत्सव’ हा शब्दहि शास्त्रांतूनच आला आहे. लेवीयाच्या २५ व्या अध्यायाप्रमाणें पन्नासावें वर्ष आलें कीं शिंग फुंकावें, दासांस मुक्त करावें, आणि विकलेली जमीन मूळच्या कुटुंबास परत द्यावी. म्हणजे महोत्सव हा परत करण्याचा उत्सव आहे. आपल्या धर्मग्रामांत पताका लागतील, मिरवणूक निघेल, पंगत बसेल. तें सर्व आनंदानें व्हावें. पण त्याआधीं प्रत्येक घरांत एक संध्याकाळ रोझरीनंतर ही दोन वाचनें मोठ्यानें वाचावीं, थोडा वेळ स्तब्ध बसावें, आणि या घरांतून काय परत जावयाचें राहिलें आहे, हें घरच्या वडील माणसानें प्रथम स्वतःस विचारावें. एका बहिणीस तिचा वाटा मिळाला, दोन भावांमधील अबोला सुटला, तर आमच्या मतें या महोत्सवाची घंटा खरी वाजली.

सर्वसमर्थ परमेश्वर, ज्यानें आपलें वचन आपल्या मायबोलींत पाठविलें, तो तें आपल्या हातांतून फलद्रूप करो. आमेन.