न केलेला गुन्हा माणूस कबूल का करतो? सॉल कॅसिन यांचं संशोधन काय सांगतं?

'केलंच नसेल, तर कबूल कशाला करेल?' हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॉल कॅसिन गेली चार दशकं त्याचंच उत्तर शोधत आहेत.

काय सापडलं?

१९८५ मध्ये त्यांनी लॉरेन्स राइट्समन यांच्यासोबत खोट्या कबुलीचे तीन प्रकार मांडले. कुणी स्वतःहून कबुली देतं, कुणी चौकशीच्या त्रासातून सुटण्यासाठी देतं, तर कुणाला 'आपणच केलं असेल' असं खरंच वाटू लागतं.

१९९६ मध्ये त्यांचा प्रयोग गाजला. मनाई असलेली कळ दाबून संगणक बंद पाडल्याचा आरोप विद्यार्थ्यांवर ठेवला. कळ कुणीच दाबली नव्हती, तरी ६९ टक्के जणांनी कबुलीवर सही केली.

महाराष्ट्राशी संबंध काय?

पोलिसांपुढची कबुली आपल्याकडे एरवी पुरावा ठरत नाही. 'मकोका'त मात्र एसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली चालते.

११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात अशाच कबुल्या होत्या. २०१५ मध्ये १२ जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी झाली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या कबुल्या नाकारल्या आणि सर्वांना निर्दोष ठरवलं. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

मग उपाय काय?

संपूर्ण चौकशीचं चित्रीकरण व्हावं, असं कॅसिन सांगतात. कबुली खोटी असेल, तर निर्दोष माणूस तुरुंगात जातो आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो.