लिनियसचे राक्षसी फूल

मंडळी, आज थोडे स्वीडनला जाऊ. साल १७४२. उप्सालाचा झिओबर्ग नावाचा विद्यार्थी रोसलागेन किनाऱ्याजवळच्या एका बेटावर झाडेझुडपे गोळा करत हिंडत होता. तिथे त्याला एक रोप दिसले. खोड, पाने सगळे लिनारिया या तिकडच्या साध्या रानरोपाचे, फुले मात्र भलतीच.

लिनारिया आपल्या पाहण्यात नसते, पण थंडीत नर्सरीत मिळणारे डॉग फ्लॉवर डोळ्यांसमोर आणा. दोन ओठांचे, बाजूंनी चिमटले की तोंड उघडणारे. लिनारिया त्याच्याच नात्यातले, फक्त मागे मधाची एक निमुळती शेपटी. झिओबर्गच्या रोपाच्या फुलांना ओठ नव्हतेच. फूल चहूबाजूंनी सारखे आणि शेपट्या पाच!

ते रोप प्रा. ओलोफ सेल्सियस (थर्मामीटरवाल्या सेल्सियसचे काका) यांनी लिनियसला दाखवले. त्याला आधी वाटले, कोणीतरी दुसऱ्या झाडाची फुले चिकटवून थट्टा केली आहे. नीट पारखल्यावर मात्र तो हादरला. १७४४ साली यावर प्रबंध निघाला आणि रोपाचे नाव ठेवले 'पेलोरिया'. ग्रीक भाषेत याचा अर्थ राक्षस.

हादरायला कारण होते. आरंभी देवाने जितक्या जाती निर्मिल्या तितक्याच आज आहेत, असे लिनियस १७३५ पासून सांगत आलेला. शिवाय फुलांतले पुंकेसर मोजून त्याने वनस्पतींचे वर्ग पाडले होते. लिनारियात चार पुंकेसर, दोन लांब दोन आखूड, म्हणून तिचा वर्ग चौदावा. पेलोरियात पाच, म्हणजे वर्ग पाचवा. आई चौदावीत आणि लेकरू पाचवीत! हा संकर असावा असे त्याने ठरवले, पण बाप कोण ते काही सापडले नाही.

पुढे दोनशे-अडीचशे वर्षे सगळे म्हणत राहिले की झाला असेल काहीतरी बिघाड. जनुकांचा काळ आल्यावर 'बिघाड' जाऊन 'उत्परिवर्तन' हा शब्द आला. म्हणजे अक्षर बदलले, म्हणून अर्थ बदलला.

१९९९ साली इंग्लंडमधील नॉर्विच येथे पिलार क्युबास, कोरल व्हिन्सेंट आणि एन्रिको कोएन यांनी अक्षरे तपासली. फुलाची वरची आणि खालची बाजू वेगळी करणारे जनुक पेलोरियात जागच्या जागी होते. पण त्यावर मिथाइल नावाच्या रासायनिक टिकल्यांचा थर बसला होता आणि जनुक गप्प होते. मास्तरकीच्या भाषेत सांगतो. धडा पुस्तकात छापलेला आहे, पण वर कोणी 'परीक्षेला नाही' असा शिक्का मारला आहे. मग तो धडा कोण उघडतो? मौज अशी की पुस्तकाची नवी प्रत निघताना शिक्काही छापला जातो. संकर करून पाहिले तेव्हा पुढच्या पिढीत टिकल्या आणि राक्षसी फुले जोडीनेच उतरली.

'खाण तशी माती' आपण म्हणतो, पण इथे खाणीइतकाच तिच्यावरचा शिक्काही वारशाने गेला. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

आता यावरून आजोबांनी सोसलेला दुष्काळ नातवाच्या अंगात कसा उतरतो, वगैरे निरोप फोनवर फिरतात. मी त्यांच्यापासून चार हात दूरच राहतो. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत बीज तयार होताना आणि गर्भ रुजताना बहुतेक शिक्के पुसले जातात. वनस्पतींत ही पुसापुशी तितकी कसून होत नाही. तेव्हा आमच्या घराण्यातल्या तापटपणाचे खापर टिकल्यांवर फोडायची सोय नाही, हे पुतण्यांनी आणि भाच्यांनी ध्यानात घ्यावे!

आणि दगडावरची रेघ म्हणावी, तर हा शिक्का तसाही नाही. पेलोरियाच्या एकाच रोपावर कधीतरी एखाद्या फांदीत टिकल्या विरळ होतात, जनुक बोलू लागते आणि पाच शेपट्यांच्या फुलांशेजारी पुन्हा ओठांचे फूल उमलते.